विश्लेषण : आजोबांच्या घड्याळाला पट्टा कोणता लावायचा? साध्या प्रश्नात इतकी गुंतागुंत का?

जुन्या कपाटाच्या खणात एचएमटीचे ‘जनता’ किंवा ‘कोहिनूर’ सापडते. चावी दिली की टिकटिक सुरूही होते. पट्टा मात्र हातात घेताच तुकडे पडतात. मग जवळच्या दुकानातून मिळेल तो पट्टा बसवला जातो, फोटो समाजमाध्यमांवर टाकला जातो आणि खाली प्रतिक्रिया येते, ‘पट्टा चुकला!’ चुकला म्हणजे नेमके काय? हा केवळ शोभेचा प्रश्न आहे, की घड्याळाच्या आणि मनगटाच्या सुरक्षिततेचाही? त्यातच महागड्या रबरी पट्ट्यांमध्ये ‘फॉरएव्हर केमिकल्स’ आढळल्याचे संशोधन गाजल्यापासून गोंधळ वाढला आहे. तो जरा सोडवून पाहू.

हा विषय आताच चर्चेत का?

बंगळूरुच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढची दोन-तीन दशके लग्नात जावयाला, दहावी पास झालेल्या मुलाला आणि निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला भेट म्हणून बहुतेक वेळा एचएमटीच मिळायची. पुढे टायटन आली, सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. कंपनी बंद होणार म्हटल्यावर लोकांना तिची आठवण आली. आपल्याकडे हे नेहमीचेच.

तेव्हापासून चावीच्या घड्याळांची जुनी बाजारपेठ वाढत गेली आहे. इन्स्टाग्रामवर ती विकणारी अनेक खाती आहेत. मुंबईशी जुने नाते असलेल्या फाव्र-लुबासारख्या स्विस नाममुद्रेची मालकी २०२३ मध्ये भारतीय समूहाकडे आली आणि २०२४ मध्ये ती नव्याने बाजारात उतरली. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला भारताचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून, त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. थोडक्यात, घड्याळाकडे लोक पुन्हा हौसेने पाहू लागले आहेत. पण पट्टे बनवणाऱ्यांचे लक्ष आजच्या मोठ्या घड्याळांवर आणि स्मार्टवॉचवर आहे. अडचण तिथेच सुरू होते.

पहिले माप कोणते घ्यायचे?

घड्याळाच्या केसला वर आणि खाली दोन-दोन शिंगे असतात, त्यांना ‘लग’ म्हणतात. या दोन शिंगांच्या आतल्या बाजूंमधले अंतर म्हणजे पट्ट्याचे माप. जुना पट्टा मोजून उपयोग नाही, कारण तोच चुकीचा बसवलेला असू शकतो. डायलचा व्यास मोजून तर मुळीच नाही.

१९५० ते १९८० या काळातल्या पुरुषांच्या बहुतेक मनगटी घड्याळांत हे अंतर १६ ते १८ मिलिमीटर असते. बायकांच्या घड्याळांत ते त्याहून बरेच कमी, अगदी १० किंवा १२ मिलिमीटरही असते. आज दुकानात टांगलेले पट्टे मुख्यतः २० आणि २२ चे असतात. दुकानदाराकडे १८ चा असेलही, १७ चा मात्र क्वचितच. आणि जुन्या घड्याळांत १७ आणि १९ अशी विषम मापे बरीच सापडतात.

म्हणून व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. नसेल तर पोलादी पट्टीने भिंगाखाली मोजावे, आणि दोन्ही बाजू मोजाव्यात, कारण पडझडीत एखादे शिंग किंचित वाकलेले असू शकते. माप १७ आले तर काय? १८ चा मऊ चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा थोडा दाबून बसतो. त्यात घड्याळाचे काही बिघडत नाही, फक्त पट्ट्याची कड जरा चुरगळते. रबर किंवा कडक, फुगीर चामडे मात्र कोंबू नये. उलट १८ च्या जागेत १६ चा पट्टा लावला तर दोन्ही बाजूंना उघडी पिन दिसते, पट्टा डावी-उजवीकडे सरकतो आणि पिनेवर वाकडा ताण येतो.

याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चित्रपटातले आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडच्या मनगटावरच्या रोलेक्सला लावलेला पट्ट्यापट्ट्यांचा नायलॉन पट्टा लगमधल्या जागेपेक्षा चक्क अरुंद आहे. पिन दोन्ही बाजूंना दिसते. तरीही त्या पट्ट्याच्या नकला आजही विकल्या जातात. शॉन कॉनरीला शोभले म्हणून आपल्या कोहिनूरला शोभेल असे नाही.

मापानंतर सर्वांत महत्त्वाचे काय?

पट्ट्याच्या रंगाआधी, कातड्याआधी, पिन. दोन टोकांना स्प्रिंग असलेली ही बारीक नळी, म्हणजे स्प्रिंग बार, घड्याळाला पट्ट्याशी जोडून ठेवते. लोकलच्या गर्दीत घड्याळ पडते किंवा हात धुताना बेसिनमध्ये जाते, तेव्हा पट्टा क्वचितच तुटलेला असतो. बहुधा पिन सुटलेली असते. तीस-चाळीस वर्षांच्या घामाने आतली स्प्रिंग गंजलेली असते, टोके झिजलेली असतात. पिन ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि लोक बचत नेमकी तिथेच करतात. नवा महाग पट्टा जुन्याच पिनांवर बसवतात.

पट्टा बदलताना पिना बदलायच्याच, असा नियम ठेवावा. त्यातही तीन गोष्टी पाहाव्यात. पिनेची लांबी लगच्या अंतराइतकीच हवी. टोके लगमधल्या भोकात घट्ट बसणारी हवीत, कारण जुन्या घड्याळात हे भोक झिजून लांबट झालेले असू शकते. आणि नळीची जाडी पट्ट्याच्या घरात मावणारी हवी. बसवल्यावर पट्टा हलक्या हाताने सगळ्या दिशांना ओढून पाहावा. बारीकसा ‘टक’ आवाज आला म्हणजे पिन बसलीच असे नाही.

काही जुन्या घड्याळांत पिन निघतच नाही, कारण तिथे धातूची काडी लगला कायमची जोडलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या काळातली तारेच्या लगची घड्याळे आणि दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्करी घड्याळे अशी आहेत. त्यांना नेहमीचा दोन तुकड्यांचा पट्टा बसत नाही. टोक उघडे असलेला, काडीभोवती गुंडाळून चिकटवायचा किंवा शिवायचा पट्टा लागतो, नाहीतर आरपार जाणारा एकसंध पट्टा. दुकानदाराने ‘काडी कापून पिन बसवून देतो’ म्हटले तर तिथून उठावे.

जाडी आणि निमुळतेपणा इतका का पाहायचा?

चावीची जुनी घड्याळे अंगाने सडपातळ असतात. केसचा व्यास साधारण ३३ ते ३६ मिलिमीटर. आजचा फुगीर, आत पॅडिंग भरलेला, चार-पाच मिलिमीटर जाडीचा पट्टा लावला की घड्याळापेक्षा पट्टाच मोठा दिसतो. पण दिसण्यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. जुन्या केसमध्ये पिन आणि केस यांमधली फट अगदी कमी असते. जाड पट्टा तिथे घासतो. मुलामा घासून जातो, आणि हात वळवताना पट्टा टेकूसारखा काम करून पिन बाहेर ढकलतो. लगजवळ साधारण दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा बहुतेक चावीच्या घड्याळांना पुरतो.

दुसरी गोष्ट निमुळतेपणाची. जुने पट्टे लगपाशी १८ असले तर बक्कलपाशी १६ किंवा १४ मिलिमीटर होत. घड्याळ नाजूक दिसण्याचे हे एक साधे कारण आहे. आजचे अनेक पट्टे वरपासून खालपर्यंत जवळजवळ सरळ असतात. खरेदी करताना ‘१८/१६’ असे दोन आकडे लिहिलेले दिसतात, त्यातला दुसरा बक्कलचा. जुने मूळ बक्कल पुन्हा वापरायचे असेल तर हा आकडा निर्णायक ठरतो.

लांबीबद्दल फार चिंता नको. ऑनलाइन खरेदीत मात्र मनगटाचा घेर दोऱ्याने मोजून दोन्ही तुकड्यांची लांबी पाहून घ्यावी. परदेशी पट्टे बारीक मनगटाला लांब पडतात आणि उरलेली शेपटी बाहेर लोंबते.

चामड्याचा पट्टा घ्यावा का?

बहुतेक चावीच्या घड्याळांसाठी उत्तर ‘हो’ आहे, कारण ती त्यासाठीच घडवलेली होती. पण आपल्या हवेत चामड्याचे आयुष्य मर्यादित असते हे मान्य करून घ्यावे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटात ठेवलेल्या पट्ट्यावरही पांढरी बुरशी चढते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात प्रश्न घामाचा. घामातले क्षार चामड्यात मुरतात, वाळतात, पुन्हा मुरतात आणि पट्टा आतून ठिसूळ होतो. वास येऊ लागला की त्याचे आयुष्य संपत आले समजावे. अत्तर मारून उपयोग नाही.

खरी फसवणूक नावांत आहे. ‘पीयू लेदर’ किंवा ‘व्हेगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत पाण्याच्या वाफेने या थराचे रासायनिक बंध तुटतात आणि न वापरताही एक दिवस त्याचे पोपडे निघू लागतात. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का केवळ चामडे वापरले आहे एवढेच सांगतो, कोणत्या प्रतीचे ते नाही. कड पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात. कड जाड रंगाने पूर्ण झाकलेली असेल तर मागची बाजू आणि भोकांच्या आत पाहावे.

चामडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक क्रोमियम क्षारांची, जलद आणि स्वस्त, मऊ चामडे देणारी. दुसरी झाडाच्या सालींची आणि फळांची. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते, ती ही पद्धत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर जो गदारोळ झाला, त्यात या कारागिरीबद्दल बरेच बोलले गेले. अशा वनस्पतीजन्य चामड्याचा पट्टा सुरुवातीला कडक लागतो, मग मनगटाच्या आकाराला बसतो आणि वापराने गडद होत जातो. हौशी लोकांची पसंती त्याला असते. मात्र भिजला की डाग पडतो, हे लक्षात ठेवावे.

क्रोमियमवाले चामडे धोकादायक असते का? व्यवस्थित कमावलेले असेल तर नाही. पण प्रक्रिया निष्काळजीपणे झाली तर त्यात षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते आणि ते त्वचेला तीव्र ॲलर्जी देते. म्हणूनच युरोपीय संघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा नियम लागू केला. पट्ट्याखाली सतत खाज आणि लाल चट्टे येत असतील तर ‘घामामुळे असेल’ म्हणून सोडून न देता पट्टा बदलून पाहावा.

दोष कधीकधी पट्ट्याचा नसतोच. अनेक जुन्या स्वस्त घड्याळांची केस पितळेची, वर निकेल आणि क्रोमचा मुलामा दिलेली असते. मुलामा झिजला की घामाने हिरवट कीट धरते आणि निकेल त्वचेला लागते. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी ‘बुंड’ प्रकारचा पट्टा आहे. त्यात घड्याळाखाली चामड्याची रुंद गादी असते, त्यामुळे धातू मनगटाला टेकत नाही. उन्हाळ्यात गरम होते खरे, आणि नाजूक घड्याळावर तो जरा राकटही दिसतो.

मगरीच्या, घोरपडीच्या कातड्याचे काय?

जुन्या परदेशी घड्याळांना मगर किंवा सरड्याच्या कातड्याचे पट्टे असत. आज ‘क्रोको’ किंवा ‘लिझर्ड’ नावाने जे स्वस्तात मिळते ते सामान्यतः गाई-म्हशीच्या चामड्यावर ठसा उमटवलेले असते. ते घेण्यात काहीच अडचण नाही. कोणी ‘अस्सल’ म्हणून देऊ लागले तर मात्र सावध व्हावे. भारतातील मगर, खाऱ्या पाण्यातली मगर, सुसर, अजगर आणि घोरपड हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे संरक्षणाची सर्वांत कडक पातळी. त्यांच्या कातड्याचा व्यापार गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीव व्यापारावरील ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणीही त्यात आली.

अमेरिकेतल्या किंवा आखाती देशातल्या नातवाला आजोबांचे घड्याळ पाठवायचे असेल आणि त्यावर असा जुना पट्टा असेल, तर कुरिअरमध्ये टाकण्याआधी विचार करावा. नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने पार्सल अडवले तर पट्ट्यासोबत घड्याळही अडकते. घड्याळ बिनपट्ट्याचे पाठवावे, पट्टा तिथे घ्यावा.

नायलॉनचा ‘नाटो’ पट्टा चालतो का?

चालतो, आणि आपल्या पावसाळ्यात चामड्यापेक्षा बरा चालतो. धुता येतो, लवकर वाळतो, स्वस्त असतो. नाटो संघटनेने तो घड्याळाचा अधिकृत पट्टा ठरवला होता, हा मात्र गैरसमज आहे. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये त्याचे मानक ठरवले. करड्या रंगाचा, २० मिलिमीटरचा साधा नायलॉन पट्टा. सैनिकांना तो ‘जी-१०’ नावाचा फॉर्म भरून मिळे, म्हणून त्याचे दुसरे नाव जी-१०. ‘नाटो’ हे नाव साठा क्रमांकाच्या पद्धतीवरून चिकटले.

त्याची खरी करामत रचनेत आहे. पट्टा एकसंध असतो आणि दोन्ही पिनांखालून आरपार जातो. एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहते, खाली पडत नाही. झिजलेल्या भोकांच्या जुन्या घड्याळासाठी हे मोठे संरक्षण आहे. तोटे दोन. घड्याळाखाली कापडाचे एक-दोन थर येतात, त्यामुळे ते मनगटावर उंच बसते. आणि कापडात अडकलेली धूळ मागचे झाकण घासत राहते. म्हणून पट्टा आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावा. पातळ विणीचा, एकाच थराचा नायलॉन पट्टाही मिळतो. तो चावीच्या सडपातळ घड्याळाला अधिक शोभतो. सोनेरी मुलाम्याच्या ‘सोना’सारख्या नाजूक घड्याळाला मात्र नायलॉन लावणे म्हणजे पैठणीवर स्पोर्ट्स शूज.

रबरी पट्ट्यांचा वाद नेमका काय आहे?

रबरी पट्टे १९६० च्या दशकात पाणबुड्यांच्या घड्याळांसोबत लोकप्रिय झाले. भोके पाडलेला, विणीसारखा ठसा असलेला ‘ट्रॉपिक’ पट्टा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. ते मूळ रबर आता कडक होऊन तडकलेले सापडते. त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि त्यांतल्या महागड्या अनेकदा फ्लुओरोइलास्टोमर नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. जाहिरातीत हे नाव ‘एफकेएम’ किंवा ‘वायटॉन’ असे येते. हे रबर घामाने, तेलाने, उन्हाने खराब होत नाही, मऊ राहते, धूळ धरत नाही. पट्ट्यासाठी आदर्शच.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील नोट्र डाम विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या किमतींचे २२ पट्टे तपासले. त्यांपैकी १५ मध्ये फ्लुओरीन आढळले. फ्लुओरोइलास्टोमर असल्याचे जाहीर केलेल्या सर्व १३ पट्ट्यांत ते होतेच, शिवाय तसे न सांगितलेल्या नऊपैकी दोघांतही होते. पुढच्या चाचणीत ‘पीएफएचएक्सए’ हे आम्ल सर्वाधिक वेळा सापडले. ते पीएफएएस या मोठ्या रासायनिक कुटुंबातले. या कुटुंबातील रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत म्हणून त्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणतात. त्याचे मध्यम प्रमाण अब्जात सुमारे ८०० भाग होते आणि एका पट्ट्यात तर १६ हजारांहून अधिक. याच गटाने २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा अभ्यास केला होता, तिथे पीएफएएसचे मध्यम प्रमाण सुमारे २०० होते. विशेष म्हणजे ३० डॉलरहून महाग पट्ट्यांत १५ डॉलरहून स्वस्त पट्ट्यांपेक्षा फ्लुओरीन जास्त होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण समाजमाध्यमांवर याचे ‘घड्याळाच्या पट्ट्याने कर्करोग’ असे झाले. अभ्यास तसे म्हणत नाही. त्याने पट्ट्यात रसायन किती आहे ते मोजले. ते त्वचेतून शरीरात किती जाते आणि तिथे काय करते, हा पुढचा आणि अजून न सुटलेला भाग आहे. पण पट्टा दिवसाचे बारा-बारा तास, घामट त्वचेला घट्ट चिकटून असतो. त्यामुळे काळजी घेण्यात शहाणपणच आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२४ मध्ये पीएफएचएक्सएवर काही ग्राहकोपयोगी वस्तूंपुरते निर्बंध मंजूर केले. त्यात रेनकोटचे कापड, पिझ्झाची खोकी, वॉटरप्रूफिंग स्प्रे अशा वस्तू येतात. जानेवारी २०२५ मध्ये ॲपलविरुद्ध तिच्या काही स्मार्टवॉच पट्ट्यांवरून अमेरिकेत सामूहिक दावाही दाखल झाला. आपले पट्टे वापरण्यास सुरक्षित असल्याचे कंपनीचे म्हणणे आहे.

जुन्या घड्याळाच्या मालकाने यातून काय घ्यावे? संशोधकांचा सल्ला सोपा होता. स्वस्तातला सिलिकॉनचा पट्टा घ्यावा, आणि महाग घ्यायचाच तर वर्णन वाचून फ्लुओरोइलास्टोमर टाळावे. सिलिकॉनला धूळ आणि केसांचे तंतू चिकटतात, दिसायलाही तो थोडा खेळण्यातला वाटतो, पण तो वेगळा पदार्थ आहे. आमच्या मते प्रश्न त्याआधीच सुटतो. चावीच्या बहुतेक जुन्या घड्याळांना रबराची गरजच नाही. रबरी पट्टा लावल्याने घड्याळ जलरोधक होत नाही. उलट ‘आता पाण्यात चालेल’ असा भ्रम होतो. झाकणाची जुनी रबरी कडी केव्हाच कडक झालेली असते, चावीच्या दांड्यातून वाफ आत जाते आणि काचेवर आतून धुके धरते. असे घड्याळ पावसात घालूच नये, पट्टा कोणताही असो.

स्टीलचा पट्टा आणि ताणला जाणारा स्प्रिंगचा पट्टा?

ओढला की ताणणारा आणि सोडला की बसणारा पट्टा अनेकांना लहानपणापासून आठवत असेल. काकांच्या हाताचे केस ओढणारा. अमेरिकेच्या स्पायडेल कंपनीने त्याचा ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ हा प्रसिद्ध प्रकार १९५९ मध्ये आणला आणि त्याच्या नकला जगभर पसरल्या. सोयीचा आहे, संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना बक्कलपेक्षा सोपा आहे. पण त्याची पत्र्याची टोके लगच्या आतल्या बाजूला ओरखडे काढतात आणि पितळी केसचा मुलामा खातात. स्टीलच्या जड पट्ट्याचेही तेच. मूळ घड्याळासोबत आलेला नसेल तर पातळ मुलाम्याच्या केसवर धातू लावू नये. मूळ असेल तर तो घड्याळाचाच भाग समजावा. परदेशी संग्राहकांच्या बाजारात काही जुन्या धातूच्या पट्ट्यांना घड्याळाइतकाच भाव येतो.

नव्या पट्ट्याने घड्याळ विकणारे फसवतात का?

काही वेळा, हो. ताजा तपकिरी पट्टा लावला की कोणतेही घड्याळ फोटोत देखणे दिसते. जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली डायल बसवून विकलेल्या घड्याळांना संग्राहकांच्या भाषेत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव आपल्याला अभिमानाने मिरवण्यासारखे नाही. अशा फोटोत पट्टा नेमका लग झाकतो. लगची आतली बाजू, पिनेची भोके आणि केसच्या कडा इथेच घड्याळाचे खरे वय दिसते. म्हणून विकणाऱ्याकडे पट्टा काढलेल्या घड्याळाचे फोटो मागावेत, पुढून, मागून आणि बाजूने. द्यायला तयार नसेल तर घेऊ नये. भोके लांबट झाली असतील किंवा लग घासून बारीक झाले असतील तर कितीही चांगला पट्टा ते दुरुस्त करू शकत नाही.

१९६० च्या दशकाआधीच्या, अंधारात चमकण्यासाठी काट्यांवर रेडियमचा रंग असलेल्या घड्याळांबाबत एक इशारा. पट्टा बदलायला झाकण उघडावे लागत नाही, तेव्हा उत्सुकतेपोटी उघडू नये. ती धूळ श्वासात जाणे घातक असते.

घरी बदलायचा की घड्याळजीकडे?

पिन काढायचे दुटोकी अवजार ऑनलाइन सहज मिळते. सुरी, कंपास किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, तो निसटला की लगवर कायमचा ओरखडा. लगला आतून-बाहेरून साधी चिकटपट्टी लावावी, घड्याळ मऊ कापडावर काच खाली करून ठेवावे, आणि पिन निघताना उडते म्हणून वर बोट धरावे. पिन गंजून अडकली असेल तर जोर न करता घड्याळजीकडे जावे. कोपऱ्यावरच्या टपरीत भिंग लावून बसलेला माणूस हे काम चहा येईपर्यंत करून देतो. त्याच्याकडे जुन्या मापाच्या पिना आणि १७ चा एखादा पट्टाही निघण्याची शक्यता ऑनलाइनपेक्षा जास्त असते.

रंगाबद्दल एवढेच : सोनेरी केसला तपकिरी, क्रोमच्या केसला काळा किंवा करडा, आणि पायलटसारख्या काळ्या डायलला काहीही चालते.

काढलेला जुना पट्टा फेकू नका. निदान त्याचे बक्कल काढून घ्या. कंपनीचे नाव कोरलेले मूळ बक्कल सुटे मिळणे कठीण असते, आणि १६ मिलिमीटरच्या टोकाचा नवा पट्टा घेतलात तर ते त्यावर पुन्हा बसते. छोट्या पाकिटात बक्कल ठेवा, पाकिटावर लगचे माप आणि पिना बदलल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी पट्टा बदलणारा कदाचित तुम्ही नसाल.